उन्हाळ्यात दाट, पावसाळ्यात विरळ : शहाद्याच्या सावलीतली फुले

एप्रिल लागला की शहाद्यात कुंड्या हलू लागतात. गच्चीवरच्या, ओट्यावरच्या, फाटकाजवळच्या कुंड्या उचलून कडुनिंबाखाली, जिन्याखाली, घरामागच्या बोळात नेल्या जातात. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचे ऊन आणि दुपारच्या झळा पाहता हे शहाणपणाचेच आहे. पुढे पाऊस येतो, झाडे हिरवीगार होतात, पाने रुंदावतात, पण फूल काही येत नाही. मग खत बदलून पाहिले जाते, माती बदलून पाहिली जाते आणि शेवटी ‘सावलीत फुले येतच नाहीत’ असा निकाल लागतो.

हा निकाल घाईचा आहे. सावलीत फुलणारी झाडे भरपूर आहेत आणि त्यांतली काही तर आपल्या सातपुड्यातच पिढ्यान्‌पिढ्या फुलत आली आहेत. गोष्ट अडते ती सावलीच्या वेळापत्रकापाशी. खानदेशात झाडाला दाट सावली लागते ती मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंत, आणि तीही जीव वाचवण्यासाठी. फूल घडते ते पावसाळ्यातल्या आणि हिवाळ्यातल्या उजेडावर. म्हणजे इथल्या बागेतली सावली उन्हाळ्यात दाट आणि पावसाळ्यात विरळ हवी. आपण मात्र कुंडी एकदा सावलीत नेली की वर्षभर तिथेच ठेवतो. सगळे कोडे इथे आहे आणि त्याचे उत्तरही इथेच आहे.

फूल कशावर येते

पान उजेडात साखर तयार करते आणि त्याच वेळी श्वसनासाठी ती खर्चही करत असते. उजेड कमी होत गेला की एक वेळ अशी येते की कमाई आणि खर्च सारखाच होतो. त्याच्या खाली झाड हळूहळू झिजते. त्याच्या थोडे वर ते तगून राहते, पाने काढते, पण फुलत नाही. घरखर्च भागल्यावर हाती जी शिल्लक राहते, तिच्यातून सण साजरा व्हावा, तसे झाडाचे फुलणे आहे. शिल्लकच नसेल तर कितीही खत घाला, कळी धरत नाही.

सावलीच्या झाडांचा हा खर्च मुळात कमी असतो. त्यांची पाने पातळ आणि रुंद असतात, मिळेल तो उजेड टिपण्यासाठी त्यांत हरितद्रव्याची मांडणीही वेगळी असते. म्हणून ती थोड्या उजेडात शिल्लक टाकू शकतात. मोगरा, गुलाब, जास्वंद यांचे पान उन्हासाठी घडलेले असते, त्यांचा खर्च मोठा असतो. मोगरा बोळात लावून फुलांची वाट पाहणारी घरे गावोगाव आहेत. तो मोगरा जगेल, वेलासारखा लांब होईल, पण बहरणार नाही. त्याला ऊनच द्यायला हवे.

उजेड मोजण्याचे एकक म्हणजे लक्स. भर दुपारच्या उघड्या उन्हात साधारण १ लाख लक्स उजेड असतो. त्याच वेळी उघड्या आकाशाखाली, पण भिंतीच्या सावलीत, तो दहा हजारांच्या आसपास उतरतो. घरात, खिडकीपासून दूरच्या कोपऱ्यात, तो पाचशेच्याही खाली जातो. आपल्या डोळ्याला यातला फरक नीट कळत नाही, कारण बाहुली लहानमोठी होऊन डोळा जुळवून घेतो. जो कोपरा आपल्याला ‘चांगला उजेडाचा’ वाटतो, तो झाडासाठी काळोखाचा असू शकतो. मोबाइलवर लक्स मोजण्याची साधी ॲप मिळतात, अंदाजापुरती ती पुरेशी असतात. मोबाइल नको असेल तर दुपारी झाडाजवळ पांढरा कागद ठेवून त्याच्यावर फूटभर उंचीवर हात धरावा. हाताची सावली काठोकाठ रेखीव पडली तर ऊन कडक आहे. कडा पुसट, पण बोटे ओळखू येतात, तर सावलीच्या फुलझाडांना ती जागा योग्य आहे. सावली जेमतेम जाणवत असेल तर तिथे फक्त पानांची झाडे ठेवावीत.

सूर्य उत्तरेकडूनही येतो

बागकामाची बरीचशी पुस्तके थंड देशांतल्या अनुभवावर लिहिलेली असतात. घराच्या उत्तरेला कायम सावली असते, तिथे सावलीची फुले लावा, असे त्यांत सांगितलेले असते. शहाद्याला हा सल्ला जसाच्या तसा लागू होत नाही. शहादा साधारण साडेएकवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या दोनच अंश दक्षिणेला. त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस सूर्य आपल्या थेट डोक्यावर येतो, मग थोडा उत्तरेकडे सरकतो आणि जुलैच्या मध्याला पुन्हा डोक्यावरून दक्षिणेकडे परततो. मधल्या सुमारे दीड महिन्यात तो दिवसभर घराच्या उत्तर अंगाला असतो. २१ जूनच्या सुमारास तो उगवतो तोच पूर्वेच्या जवळपास २५ अंश उत्तरेकडून.

याचा बागेवर काय परिणाम होतो ते दहा फूट उंचीच्या भिंतीवरून पाहू. डिसेंबरच्या २२ तारखेला शहाद्यात माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असतो, म्हणून त्या भिंतीची उत्तरेकडे पडणारी सावलीही दहा फूटच असते. मार्च आणि सप्टेंबरच्या २१-२२ तारखेला ती सुमारे चार फुटांवर येते. जूनमध्ये माध्यान्हीला उत्तरेकडे सावलीच उरत नाही. म्हणजे उत्तरेची भिंत थंडीत सावली देते, जेव्हा झाडाला उजेड हवा असतो, आणि रोहिणीच्या उन्हात ती सावली काढून घेते, जेव्हा झाडाला तिची सर्वांत जास्त गरज असते. डिसेंबरमध्ये पाहून ‘इथे ऊन येत नाही’ म्हणून लावलेले पीस लिलीचे झाड जूनच्या पहिल्या आठवड्यात करपते, त्याचे कारण हे आहे. ही माध्यान्हही घड्याळातल्या बाराला येत नाही. आपल्या रेखांशामुळे ती साडेबाराच्या आसपास येते, तेव्हा सावली तपासायची तर त्या वेळी तपासावी.

चार दिशांत शहाद्याला सर्वांत चांगली ती पूर्व. पूर्वेच्या भिंतीशी सकाळचे कोवळे ऊन मिळते आणि दुपारपासून घराची सावली पडते. सावलीत फुलणाऱ्या बहुतेक झाडांना सकाळचे दोन-तीन तासांचे ऊन मानवते, इतकेच नव्हे तर फुलांसाठी ते उपयोगी पडते. सर्वांत वाईट ती पश्चिम. तिथे दुपारनंतरचे ऊन तर असतेच, शिवाय तापलेली विटांची किंवा सिमेंटची भिंत रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. त्या भिंतीपाशी टेकवलेली कुंडी सावलीत असली तरी तिची मुळे भाजतात. पश्चिमेलाच जागा असेल तर कुंड्या भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे घ्याव्यात आणि बाहेरच्या बाजूने आडोसा करावा.

आडोशाची विद्या आपल्या शेतकऱ्यांना चांगली ठाऊक आहे. केळीच्या बागेभोवती शेवरीचा किंवा उंच गवताचा पट्टा उभा करून उन्हाळ्यातला गरम वारा अडवतात. महाराष्ट्रातल्या पानमळ्यांत शेवरी, शेवगा, पांगारा, हादगा अशी झाडे लावून नागवेलीला आधार आणि विरळ सावली दोन्ही देतात, आणि सावली फार दाटली की फांद्या छाटून उजेड मोकळा करतात. सावली घडवता येते, हातात ठेवता येते, हे आपल्याकडे जुने ज्ञान आहे. फुलबागेत तेच वापरायचे आहे.

भिंतीची सावली, झाडाची सावली

दोन सावल्या सारख्या दिसल्या तरी झाडासाठी सारख्या नसतात. भिंतीच्या सावलीत थेट ऊन नसते, पण वरचे आकाश मोकळे असते. तिथे येणारा उजेड आकाशाचा असतो, त्याचे रंग झाडाच्या उपयोगाचे असतात. झाडाखाली येणारा उजेड पानांतून गाळून आलेला असतो. पाने त्यातला लाल प्रकाश शोषून घेतात आणि अतिलाल प्रकाश, जो आपल्याला जवळपास दिसत नाही, तो खाली जाऊ देतात. उघड्या उन्हात लाल आणि अतिलाल यांचे प्रमाण जवळजवळ सारखे असते, दाट पानांखाली मात्र लाल प्रकाश अतिलालाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शापर्यंत खाली येतो.

हा फरक झाडाला कळतो. वनस्पतींत फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य असते. अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिल इथल्या संशोधकांनी १९५९ मध्ये ते प्रथम वेगळे ओळखले. लाल प्रकाश कमी आणि अतिलाल जास्त, हे या रंगद्रव्यामुळे झाडाला समजते आणि त्यावरून ‘आपल्या डोक्यावर दुसरे झाड आहे’ असा अर्थ ते घेते. उन्हात वाढणारी झाडे मग उजेडाकडे धाव घेतात : खोड लांबते, दोन पानांतले अंतर वाढते, झाड कमकुवत होऊन कलते. सावलीची झाडे एवढी लांबत नाहीत, पण दाट आंब्याखाली त्यांचीही शिल्लक संपते.

झाडाखाली आणखी एक अडचण असते. आंबा, चिंच, वड यांची मुळे मातीच्या वरच्या थरात पसरलेली असतात आणि आपण घातलेले पाणी नि खत आधी तीच घेतात. म्हणून मोठ्या झाडाखाली जमिनीत लावण्यापेक्षा कुंडी, परळ किंवा उंच केलेला वाफा बरा. त्यातल्या त्यात शेवगा आणि कडुनिंब यांची सावली विरळ असते, ऊन पानांतून ठिपक्याठिपक्यांनी खाली उतरते. आंब्याखाली फुले हवी असतील तर पावसाळ्याच्या तोंडी खालच्या फांद्या छाटून उजेडाला वाट करावी लागते.

पावसाळ्याची दुहेरी सावली

आता मूळ मुद्दा. मे महिन्यात ७५ टक्के सावली देणारी हिरवी शेडनेट बांधली, तर बाहेरच्या १ लाख लक्सपैकी सुमारे २५ हजार आत येतात. अँथुरियमसारख्या झाडाला तेवढा उजेड वरच्या मर्यादेच्या जवळ असतो, पण चालतो. जुलैत आभाळ भरून आले की बाहेरच उजेड पंधरा-वीस हजारांवर येतो. तीच शेडनेट तशीच राहिली तर आत चार-पाच हजार उरतात. ढगांची एक सावली आणि जाळीची दुसरी. त्यातच ती जाळी कडुनिंबाखाली बांधलेली असेल तर तिसरी. नेमक्या याच दिवसांत हवेत ओलावा असतो, ऊन सोसवण्यासारखे असते, झाडाला वाढायची आणि फुलायची इच्छा असते, आणि आपण त्याला उजेडावाचून ठेवतो.

म्हणून पहिला चांगला पाऊस होऊन आभाळ भरले की शेडनेट गुंडाळून ठेवावी किंवा ७५ टक्क्यांच्या जागी ५० टक्क्यांची लावावी. कुंड्या जिन्याखालून, बोळातून काढून मोकळ्या आकाशाखालच्या भिंतीशी आणाव्यात. हा बदल एका दिवसात करू नये. सावलीत वाढलेले पान अचानक उन्हात गेले तर त्यावर पांढुरके चट्टे पडतात आणि ते पुन्हा हिरवे होत नाहीत. आठ-दहा दिवसांत, थोडे थोडे पुढे सरकवत आणावे. ऑक्टोबरमध्ये आभाळ मोकळे होते आणि पुन्हा काही आठवडे ऊन तापते, तेव्हा दुपारपुरती सावली द्यावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, ऊन सौम्य असते, तेव्हा सकाळचे ऊन मोकळेपणाने मिळू द्यावे. फेब्रुवारीच्या अखेरीस जाळी पुन्हा चढवावी.

सातपुडा शिकवतो ते

शहाद्याच्या उत्तरेला सातपुड्याच्या रांगा आहेत आणि पन्नासेक किलोमीटरवर सुमारे १,१५० मीटर उंचीचे तोरणमाळ. इथले जंगल पानगळीचे आहे. उन्हाळ्यात साग, सालई यांची पाने झडतात आणि जंगलाच्या जमिनीवर थेट ऊन पडते. अशा ठिकाणी सावलीत वाढणारी नाजूक झाडे उन्हाळा काढतात तरी कशी? ती जमिनीखाली झोपतात. सफेद मुसळी, पेव, भुईचाफा आणि रानहळदीच्या जाती यांचा देह उन्हाळ्यात कंद किंवा मूळ एवढाच असतो. मृगाचा पाऊस पडला की कोंब वर येतात, वर झाडांना नवी पालवी फुटत असते, सावली हळूहळू दाटत असते, आणि या दोन-चार महिन्यांत पान, फूल, बी सगळे उरकून ती पुन्हा झोपी जातात. सफेद मुसळीचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम, ते मुंबईच्या बोरिवलीवरून पडले आहे. तिची पांढरी फुले पावसाळ्याच्या आरंभीच येतात.

यातून बागेसाठी दोन धडे मिळतात. पहिला असा की खानदेशात सावलीच्या फुलांचा हंगाम पावसाळा आणि हिवाळा हाच आहे, मे महिन्यात फुलांचा हट्ट धरू नये. दुसरा असा की विश्रांती हा फुलण्याचाच भाग आहे. कंदवर्गातल्या झाडांना झोपेच्या काळातही रोज पाणी घालत राहिले तर कंद कुजतो, आणि वाचलाच तर त्याची कळी धरण्याची लय बिघडते. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायची : सातपुड्यातून कंद उकरून आणू नयेत. मुसळीसारख्या वनस्पती औषधासाठी इतक्या खणल्या गेल्या आहेत की जंगलात त्या विरळ झाल्या आहेत. यांतली बरीच झाडे रोपवाटिकांत वाढवलेली मिळतात, तीच घ्यावीत.

इथे फुलतील अशी झाडे

सुरुवात अबोलीपासून करावी. तिच्याइतके मराठी अंगणाला जवळचे आणि सावलीला समजूतदार झाड दुसरे नाही. दक्षिण भारत आणि श्रीलंका ही तिची मायभूमी. सकाळचे तीन-चार तास ऊन आणि दुपारी सावली मिळाली तर ती जवळजवळ वर्षभर फुलते. तिचे कणीस खालून वर फुलत जाते. शेवटचे फूल गळाले की सुकलेले कणीस खालच्या पानांच्या जोडीसह छाटावे, तिथून दोन नवे फुटवे येतात आणि प्रत्येकावर नवे कणीस लागते. कणसे तशीच ठेवली तर झाड बी धरण्यात गुंतते. बी हवे असेल तर एखादे कणीस राखावे. तिची वाळलेली बोंडे पाणी लागताच तडकून बी दूर उडवतात, म्हणून पावसाआधी काढून घ्यावीत.

सोनटक्का पावसाळ्याचा राजा आहे. त्याला ओल आवडते, दुपारची सावली आवडते, पण दाट काळोख चालत नाही. त्याच्या प्रत्येक दांड्याच्या टोकाला एकदाच फुलोरा येतो. फुलून गेलेला दांडा पुन्हा कधीच फुलत नाही, म्हणून तो बुडापासून कापावा म्हणजे कंदातून येणाऱ्या नव्या कोंबांना जागा आणि उजेड मिळतो. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा त्याचा काळ. न्हाणीच्या मागे, जिथे ओल टिकते पण पाणी तुंबत नाही, अशी पूर्वेची जागा त्याला उत्तम.

पेव मुद्दाम लावावे असे झाड आहे. खोडाभोवती गोल जिन्यासारखी चढत जाणारी पाने, टोकाला लाल छदांचे कणीस आणि त्यातून निघणारी चुरगळलेल्या रेशमासारखी पांढरी फुले. हिवाळ्यात ते सुकते, तेव्हा पाणी तोडावे. भुईचाफ्याची गंमत उलटी. त्याची सुवासिक फुले उन्हाळ्याच्या शेवटी उघड्या जमिनीतून थेट वर येतात आणि पाने मागाहून निघतात. मे फ्लॉवर म्हणून विकली जाणारी, लाल गोळ्यासारखा फुलोरा येणारी आफ्रिकेतली कंदवर्गीय लिलीही याच वळणाची. डिसेंबरपासून तिची कुंडी जवळजवळ कोरडी ठेवावी, मे-जूनच्या पहिल्या सरीला ती फुलते. या साऱ्यांना फूल येऊन गेल्यावरचे महिने महत्त्वाचे असतात. त्या वेळच्या पानांनी साठवलेल्या अन्नावरच पुढच्या वर्षीचे फूल ठरते, म्हणून पाने आपोआप पिवळी पडेपर्यंत कापू नयेत आणि खत त्याच काळात द्यावे.

घरोघरी ‘ब्रह्मकमळ’ म्हणून वाढवले जाणारे, रात्री उमलणारे झाड म्हणजे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलांत झाडांवर वाढणारे निवडुंग. त्याची लांब चपटी ‘पाने’ ही खरे तर खोडे आहेत आणि कळ्या त्यांच्या कडेच्या खाचांतून येतात. कित्येक घरांत ते वर्षानुवर्षे फुलत नाही, त्याची कारणे ठरलेली असतात. ते काळोखात ठेवलेले असते, मोठ्या कुंडीत असते, किंवा लांबलेल्या जुन्या फांद्या कुरूप दिसतात म्हणून छाटलेल्या असतात. कळ्या येतात त्या बहुधा पक्व फांद्यांवर. त्याला सकाळचे ऊन किंवा दिवसभराचा भरपूर गाळीव उजेड द्यावा, कुंडी मुळांनी दाटू द्यावी, नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी कमी करावे आणि नत्राचे खत टाळावे. फांदी रोवून केलेल्या झाडाला फुलायला दोन-तीन वर्षे लागतात, तेवढा धीर धरावा.

पीस लिलीबद्दल निराश झालेले लोक पुष्कळ भेटतात. दुकानातून आणली तेव्हा पाच-सहा फुले होती, नंतर एकही नाही. यामागे एक व्यावसायिक रीत आहे. नाशिककडचे द्राक्ष बागाईतदार घड लांबवण्यासाठी जे जिबरेलिक ॲसिड वापरतात, ते ‘जीए’च फवारून रोपवाटिका पीस लिलीला एकाच वेळी फुलायला लावतात. ते झाड आपल्या घरी आले की स्वतःच्या ताकदीवर फुलायला त्याला वेळ आणि उजेड लागतो. थेट उन्हाविना, पण आकाश दिसेल अशी जागा, थोडी घट्ट कुंडी आणि सतत हलका ओलावा दिला तर ती वर्षातून एक-दोनदा नक्की फुलते. आपण घरी जीए मारू नये. प्रमाण चुकले तर पाने लांबट आणि वेडीवाकडी होतात.

अँथुरियम हे कोलंबिया आणि इक्वेडोरच्या पावसाळी जंगलातले झाड. पक्व झाडाला प्रत्येक नव्या पानाच्या बेचक्यात एक फूल येते, म्हणजे जितकी पाने तितकी फुले. शहाद्याच्या उन्हाळ्यात त्याची पाने येणे थांबते आणि कडाक्याच्या थंडीतही. जुलै ते नोव्हेंबर हाच त्याचा खरा हंगाम धरावा. कोकण-गोव्याच्या दमट हवेत ते जितके सहज वाढते तितके इथे वाढणार नाही, हे जाणून एखाददुसरी कुंडी ठेवावी.

हंगामी फुलांत जूनमध्ये तेरडा पेरावा, तो अर्ध्या उन्हात छान येतो आणि गौरी-गणपतीला हाताशी असतो. पावसाळ्यात टोरेनिया, आणि ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत बिझी लिझी म्हणून मिळणारी तेरड्याची आफ्रिकी बहीण. हायड्रेंजिया आणि मोठ्या फुलांची बेगोनिया यांना थंडावा हवा. उंची हजार मीटरने वाढली की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, त्यामुळे तोरणमाळच्या अंगणात त्यांना जे जमेल ते शहाद्यात जमणार नाही.

माती, पाणी आणि खत

तापी-गोमाईच्या खोऱ्यातली काळी माती केळी, पपई, ऊस, कापूस पिकवते. कुंडीतल्या सावलीच्या झाडाला मात्र ती एकटी चालत नाही. ती पाणी धरून ठेवते, सावलीत ते सुकत नाही आणि मुळांना हवा मिळत नाही. तिचा सामू बहुधा सातच्या वर असतो. अशा मातीत लोह आणि स्फुरद असूनही झाडाला मिळत नाहीत. कोवळे पान पिवळे पडते आणि शिरा हिरव्या राहतात, ही लोह न मिळाल्याची खूण. जंगलातल्या झाडांना सवय असते ती कुजलेल्या पाल्याच्या भुसभुशीत, किंचित आम्ल थराची.

म्हणून मिश्रणात काळी माती एक भाग, चांगले कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत दोन भाग आणि जाडसर वाळू एक भाग घ्यावी. अँथुरियमसाठी माती वगळून नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळशाचे खडे आणि विटांचे तुकडे वापरावेत. साखर कारखान्यातली मळी आपल्याकडे सहज मिळते, पण ती पूर्ण कुजलेली हवी. ताजी मळी तापते आणि मुळे मारते. राख घालू नये, ती सामू आणखी वाढवते. हाडांचा चुरा अशा मातीत विरघळत नाही, तो खर्च वाया जातो. पाने पिवळी पडली तर चिलेटेड लोह द्यावे. बागेत बरीच झाडे असतील तर नंदुरबारच्या कृषी विज्ञान केंद्राकडून माती आणि पाणी तपासून घेण्यासाठी सल्ला घ्यावा, म्हणजे अंदाजाने खर्च होत नाही.

युरियाने सावलीतले झाड आणखी हिरवे आणि आणखी निष्फळ होते. उजेड कमी असताना नत्र वाढवले की सगळी शिल्लक पानांत जाते. गांडूळखत मूठभर, महिन्यातून एकदा, तेही वाढीच्या काळातच. केळीची साले कुजवून घातली तर पालाश मिळते. पाणी सकाळी घालावे आणि बोट दोन पेरे मातीत खुपसून ओल पाहूनच घालावे. बोअरच्या पाण्याने कुंडीच्या काठाला पांढरा थर धरत असेल तर पावसाचे पाणी साठवून निदान अँथुरियम आणि पीस लिलीला ते द्यावे. उन्हाळ्यात गरम वाऱ्याने कळ्या गळतात. तेव्हा कुंड्या एकमेकींजवळ दाटीने ठेवाव्यात, खाली ओल्या वाळूचा थर द्यावा आणि पश्चिमेकडून ओले गोणपाट टांगावे. एवढ्याने झाडांभोवतीची हवा बरीच सुसह्य होते.

यंदा काय करावे

नव्याने सुरुवात करणाऱ्याने दहा प्रकारची रोपे आणू नयेत. अबोली, सोनटक्का आणि मे फ्लॉवर ही तीन पुरेत. अबोली छाटणी शिकवते, सोनटक्का पावसाळ्यातल्या उजेडाचे मोल शिकवतो आणि मे फ्लॉवर विश्रांती म्हणजे काय ते शिकवते. त्याबरोबर एक काम आजपासून करावे. आपल्या अंगणाचा साधा नकाशा काढून मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबर या चार महिन्यांच्या २१-२२ तारखेला सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि चार वाजता सावली कुठवर येते त्या रेषा त्यावर माराव्यात. वर्षभरात त्या बारा रेषा सांगतील की कोणती जागा कोणत्या महिन्यात कोणत्या झाडाची आहे. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही, कारण ते फक्त तुमच्या घराच्या भिंतींचे, तुमच्या कडुनिंबाचे आणि शहाद्याच्या सूर्याचे असते. ते हाती आले की खत आणि औषधे यांवरचा निम्मा खर्च थांबतो, आणि ज्या कोपऱ्यात आपण केवळ पाने वाढवत होतो तिथे जुलैपासून फेब्रुवारीपर्यंत एकापाठोपाठ एक फूल घेता येते.